थंड चाक

१६ जानेवारी १९८४ चा दिवस. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, जेथे पहिला अणुबाँब तयार झाला त्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेपाशी एक मालमोटार वाट चुकली आणि एका फाटकाशी जाऊन पोहोचली. गाडीत इमारतीच्या कामाच्या लोखंडी सळ्या होत्या. त्या कोणी चोरलेल्या नव्हत्या की लपवून आणलेल्या नव्हत्या. पण फाटकाजवळ किरणोत्सर्ग टिपणारी यंत्रे बसविलेली होती आणि ती एकाएकी कोकलू लागली. सळ्यांतून किरण बाहेर पडत होते.

माग काढीत अधिकारी सीमेपलीकडे गेले. मेक्सिकोतील स्यूदाद ह्वारेस या शहरात कर्करोगावरील उपचाराचे एक जुने यंत्र भंगारात निघाले होते. त्याच्या पोटात कोबाल्ट-६० या धातूचे सुमारे ६,००० बारीक दाणे होते. भंगारवाल्याला त्याची काय कल्पना! दाणे इतर लोखंडाबरोबर भट्टीत गेले, वितळले, आणि त्यातून सळ्या झाल्या, टेबलांचे पाय झाले. तो माल मेक्सिकोभर पसरला. त्याचा एक वाटा सीमा ओलांडून अमेरिकेत आला. मेक्सिकोत पुढे शेकडो इमारती पूर्णत: किंवा अंशत: पाडाव्या लागल्या.

या कथेतील भीषण भाग सर्वांच्या लक्षात राहतो. मला मात्र तिच्यातली एक साधी गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी वाटते. त्या सळ्या सीमेवरच्या नाक्यावरून राजरोस आल्या होत्या. कागदपत्रे पाहिली गेली होती, मालाची किंमत लिहून घेतली गेली होती. नाक्याने आपले काम केले होते, पण जे पाहावयास हवे होते ते पाहण्याची त्याच्याजवळ सोयच नव्हती. ते पाहिले एका वाट चुकलेल्या मोटारीच्या योगायोगाने.

नाका ही संस्था जुनी, जवळजवळ राज्यसंस्थेइतकीच जुनी. नाकेदार मालावर हात ठेवतो, जकात घेतो आणि आडवी काठी वर करतो. हजारो वर्षे त्याची दृष्टी मालावरच होती. पुढे पारपत्रे आली आणि तो माणसाकडेही पाहू लागला. पण ज्यात बसून माणूस येतो आणि ज्यात भरून माल येतो त्या वाहनाकडे पाहण्याचे कारण त्याला फार उशिरा पडले. बैलगाडीचे चाक मोडले तर गाडीवानाचेच नुकसान. छत्तीस हजार किलोग्रॅम वजनाची मालमोटार उतारावर अनावर झाली, तर मात्र पुढच्या गाडीतल्या कुटुंबाचा काय अपराध? म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस नाकेदाराच्या खांद्याशी एक नवा माणूस उभा राहिला. त्याला मालाशी कर्तव्य नव्हते. तो मोटारीखाली सरपटत जाऊन ब्रेक पाहात असे. काही वर्षांत त्याच्या मदतीला इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली. त्या यंत्रांचा आणि अमेरिका-मेक्सिको सीमेचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे, आणि तो केवळ यंत्रांचा इतिहास नाही.

प्रथम त्या सीमेची रीत समजून घेतली पाहिजे. १९८२ साली अमेरिकेने परदेशी मालमोटारींना नवे परवाने देण्याचे बंद केले. कॅनडाशी लवकरच तडजोड झाली. मेक्सिकोवरील बंदी तशीच राहिली. मेक्सिकन मोटारींना सीमेलगतच्या एका पट्ट्यापुरतेच येता येई. शहराच्या आकाराप्रमाणे हा पट्टा साधारणपणे तीन ते पंचवीस मैलांचा. त्यामुळे माल एका मोटारीतून निघून मुक्कामाला पोहोचे असे कधी घडतच नसे. मेक्सिकोच्या आतल्या भागातून एक मोटार ट्रेलर घेऊन सीमेपर्यंत येई. तेथे तो सोडून दिला जाई. दुसरी मोटार तो पुलावरून पलीकडे नेई आणि काही मैलांवरच्या आवारात उभा करी. तेथून तिसरी, अमेरिकन मोटार तो घेऊन पुढे जाई. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या भागाला आपल्याकडचे मोटारवाले ‘घोडा’ म्हणतात. त्यांच्या भाषेत सांगावयाचे तर एका खेपेला तीन घोडे लागत.

यांतला मधला घोडा या गोष्टीचा नायक आहे. त्याचा सारा जन्म एका पुलावर जातो. अलीकडून पलीकडे भरलेला, पलीकडून अलीकडे बहुधा रिकामा. अंतर थोडे, वेळ फार, कारण बहुतेक वेळ रांगेत उभे राहण्यात जातो. चालकाला पैसे बहुधा फेरीप्रमाणे मिळतात, म्हणजे रांग लांबली की त्याची मिळकत आखडते. अशा कामावर नवी कोरी मोटार कोण घालणार? लांबच्या रस्त्यावर झिजून निकामी होत आलेले घोडेच पुलावर जुंपले जात. पांजरपोळात पाठवायचे जनावर टांग्याला लावावे, तशातलीच ही तऱ्हा.

१९९४ च्या १ जानेवारीला अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातील मुक्त व्यापाराचा करार अंमलात आला. १८ डिसेंबर १९९५ पासून सीमेवरच्या चार राज्यांत, म्हणजे कॅलिफोर्निया, ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि टेक्सास येथे, मेक्सिकन मोटारींना मोकळीक मिळावयाची आणि २००० सालापासून साऱ्या देशात, असे त्यात लिहिलेले होते. तो डिसेंबरचा दिवस उजाडला आणि त्याच दिवशी अध्यक्ष क्लिंटन यांच्या सरकारने जाहीर केले की, सुरक्षिततेचा प्रश्न सुटेपर्यंत मोकळीक लांबणीवर टाकण्यात येत आहे.

यामागे केवळ सुरक्षिततेचीच काळजी होती असे कोणीच मानले नाही. अमेरिकन मोटारचालकांची संघटना बलाढ्य होती. कमी पगारावर काम करणारे मेक्सिकन चालक आले तर आपल्या सभासदांच्या पोटावर पाय येईल, ही तिची भीती उघड होती. पण सुरक्षिततेची गोष्ट निव्वळ सबब होती असे म्हणणेही न्यायाचे होणार नाही. १९९७ या आर्थिक वर्षातील तपासणीचे आकडे पाहा. सीमेवर तपासलेल्या मेक्सिकन मोटारींपैकी शेकडा ४४ जागच्या जागी थांबवाव्या लागल्या. दुरुस्ती झाल्याखेरीज त्यांना चाक हलविण्याची परवानगी नव्हती. अमेरिकन मोटारींचे हेच प्रमाण शेकडा २५, कॅनडाच्या मोटारींचे शेकडा १७. ब्रेकचा दोष यांत नेहमीचाच. मोटारीचे पाचातले एक ब्रेक जरी बिघडलेले आढळले, तरी ती थांबविली जाते.

शेकडा ४४ हा आकडा वर्तमानपत्रांत आणि काँग्रेसच्या सभागृहांत पुढे कित्येक वर्षे गर्जत राहिला. आकडा खरा होता. पण तो कोणाचा आकडा होता, हे विचारणारे थोडे. तपासणी सीमेवर होत होती. आणि सीमेवर येत होता तो बहुतांशी मधला घोडा. लांबच्या रस्त्यावर धावणाऱ्या बऱ्या मोटारींना तर नियमानेच सीमेपर्यंत येऊन मागे फिरावे लागे. म्हणजे बंदीमुळे पुलावर जुन्या मोटारी राहिल्या आणि त्या जुन्या मोटारींकडे बोट दाखवून बंदी योग्य ठरविली गेली. साप साप म्हणून भुई धोपटली असे येथे म्हणता येणार नाही, कारण साप होताच. पण तो वारुळात कोणी नेऊन ठेवला, हा प्रश्न राहतो.

याच अहवालात आणखी एक आकडा होता आणि तो फारसा कोणी उच्चारला नाही. शेकडा ४४ ही सरासरी होती. कॅलिफोर्नियाच्या नाक्यांवर थांबविलेल्या मेक्सिकन मोटारींचे प्रमाण शेकडा २८ होते आणि टेक्सासमध्ये ५०. मोटारी त्याच देशाच्या, चालक त्याच देशाचे, रस्ते तसेच. मग एवढा फरक का? कॅलिफोर्नियाने ओटाय मेसा आणि कॅलेक्सिको या दोन ठिकाणी कायमची तपासणी-केंद्रे बांधली होती. त्यांत वजनकाटे होते, खाली उतरून पाहण्याचे खड्डे होते, आणि रोज तेच तपासनीस होते. टेक्सासच्या पुलांवर तशी पक्की व्यवस्था नव्हती; तपासनीस कधी असत, कधी नसत. जेथे मोटारवाल्याला ठाऊक असते की आज ना उद्या आपली गाडी खड्ड्यावर जाणारच, तेथे तो ब्रेकचे लायनर वेळेवर बदलतो. जेथे सारे नशिबावर असते तेथे तोही नशिबावर हवाला ठेवतो. नित्याच्या तपासणीने मोटारी सुधारत होत्या, असाच या दोन आकड्यांचा अर्थ आहे.

पण नित्याची तपासणी करावयाची कशी? पूर्ण तपासणीला ३७ पायऱ्या आहेत. तपासनीस चालकाचा परवाना आणि कामाच्या तासांची वही पाहतो, दिवे, टायर, स्टिअरिंग, जोडाचे कडे पाहतो, मग चाकांच्या फळीवर उताणा पडून मोटारीखाली जातो आणि चालकाला ब्रेक दाबावयास सांगून प्रत्येक दांडा किती सरकतो ते मोजतो. पाऊण तास, तास सहज जातो. मोटार निर्दोष निघाली तर काचेवर एक रंगीत चिकटपट्टी लावतात. तीन महिन्यांपर्यंत तिचा मान राखला जातो. आता शतकाच्या अखेरीस या सीमेवरून वर्षाला सुमारे ४५ लाख मोटारफेऱ्या उत्तरेकडे येत होत्या. प्रत्येकीला तास द्यावयाचा तर रांग मेक्सिको शहरापर्यंत जाईल. सगळ्यांना पाहता येत नाही आणि न पाहून भागत नाही. या कोंडीतून इलेक्ट्रॉनिक चाळणीचा जन्म झाला.

चाळणी हाच शब्द येथे बरोबर आहे. ही यंत्रे तपासणी करीत नाहीत. कोणाची तपासणी करावी एवढेच सांगतात. सीमेवर येण्यापूर्वी १९९० च्या दशकात ती अमेरिकेच्या आतल्या हमरस्त्यांवर आली. मोटारीच्या काचेला आतून एक लहानशी डबी लावलेली असे. रस्त्याकडेच्या खांबावरून रेडिओलहर सुटली की डबी आपला क्रमांक सांगे. रस्त्याच्या पृष्ठभागात पुरलेल्या पट्ट्या चालत्या मोटारीचे वजन आसाआसाने मोजीत. क्रमांकावरून मालकाचा पूर्वेतिहास गणकयंत्रातून निघे आणि क्षणार्धात चालकापुढे हिरवा किंवा तांबडा दिवा लागे. हिरवा असेल तर वजनकाट्यावर न थांबता पुढे चला.

हा पूर्वेतिहास मोजण्याचे एक गणित नॉर्थ डकोटा राज्यातील विद्यापीठाच्या वाहतूकसंस्थेत बसविले गेले. प्रत्येक मालकसंस्थेला एक ते शंभर गुण. येथे अधिक गुण म्हणजे अधिक संशय. ७५ आणि वर असेल त्याला थांबवा. ५० ते ७४ असेल तर तपासनीसाच्या मर्जीवर. त्याखाली असेल तर जाऊ द्या. साऱ्या व्यवस्थेची मेख एका बारीक नियमात होती. ज्या संस्थेची पुरेशी माहितीच दप्तरात नाही, तिलाही तपासणीसाठी पुढे काढावे, असे गणित सांगे. नियम शहाणपणाचा आहे. अनोळखी माणसाला दार उघडण्यापूर्वी आपणही कडी लावूनच विचारतो. पण मेक्सिकन मोटारमालकांना पंचवीस मैलांपलीकडे येऊच दिलेले नव्हते, तर त्यांची माहिती दप्तरात कोठून येणार? त्यांच्या देशातही परवान्यांची आणि अपघातांची इलेक्ट्रॉनिक नोंदणी तेव्हा नुकती कोठे उभी राहात होती. यंत्राला मेक्सिकन आणि अमेरिकन हा भेद माहीत नव्हता. माहीत आणि अनोळखी एवढाच भेद माहीत होता. त्या सीमेवर या दोन भेदांचा अर्थ बव्हंशी एकच होता.

सीमेवर हे तंत्र आणण्याचे प्रयोगही याच दशकात झाले. ओटाय मेसा, नोगालेस, एल पासो आणि लारेडो, त्याचप्रमाणे कॅनडाच्या सीमेवरील डेट्रॉइट आणि बफेलो येथे कागदांऐवजी विजेच्या संदेशाने मोटार, माल आणि चालक यांची माहिती आधीच पाठवावी, अशी कल्पना होती. ती अवघड होती ती तंत्रामुळे नव्हे. एकाच मोटारीला जकातखाते थांबवी, शेतमालाचे खाते थांबवी, केंद्र सरकारचे मोटारतपासनीस थांबवीत आणि फाटकाबाहेर पडताच राज्याचे पोलीस थांबवीत. प्रत्येकाचे दप्तर निराळे. चार घरचे पाहुणे एका पंक्तीला बसवावेत आणि प्रत्येकाने आपले ताट घरून आणावे, तसा प्रकार.

मग ६ फेब्रुवारी २००१ ला कराराखालील लवादाने निकाल दिला की, सरसकट बंदी घालून अमेरिकेने कराराचा भंग केला आहे. मोटारी एकेक तपासा, पण साऱ्या देशाला एका आकड्याने नाकारू नका. काँग्रेसने त्या वर्षाअखेर दिलेले उत्तर म्हणजे २२ अटींचे एक कलम होते. त्यातली एक अट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. सर्वांत गजबजलेल्या दहा नाक्यांवर चालत्या मोटारीचे वजन करणारी यंत्रे बसवावीत, असे कायद्यात लिहिले गेले. चाळणी आता कोणा अधिकाऱ्याच्या हौसेची वस्तू राहिली नाही. परराष्ट्रीय कराराचे भवितव्य तिच्या तारांवर टांगले गेले.

त्याच वर्षीच्या ११ सप्टेंबरने नाकेदाराची नजर पुन्हा फिरविली. आता त्याला मोटारीच्या ब्रेकपेक्षा पोटात काय आहे याची चिंता होती. गॅमा किरणांनी आख्ख्या ट्रेलरचे छायाचित्र घेणारी यंत्रे, जी मुळात चोरट्या मालासाठी आली होती, ती पुलापुलांवर दिसू लागली. किरणोत्सर्ग टिपणारे खांब उभे राहिले. लॉस अलामॉसच्या फाटकावर योगायोगाने जे घडले, ते आता रोजचे काम झाले. गंमत अशी की, हे खांब केळ्यांच्या गाडीला आणि फरशांच्या गाडीलाही हाका मारतात, कारण त्यांत निसर्गत:च थोडा किरणोत्सर्ग असतो. मोटार फाटकावर येण्याच्या तासभर आधी तिची यादी विजेच्या संदेशाने पाठविणे पुढे बंधनकारक झाले. २००७ साली थोड्या मेक्सिकन मोटारींना प्रयोगादाखल देशभर जाऊ देण्यात आले. २००९ साली काँग्रेसने पैसा तोडून प्रयोग थांबविला. मेक्सिकोने लगेच सुमारे ९० अमेरिकन जिनसांवर जकात बसविली. २०११ साली दुसरा प्रयोग सुरू झाला. या वेळी मोटार कोठे गेली आणि चालकाने किती तास गाडी हाकली हे टिपणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे अमेरिकन सरकारने आपल्या खर्चाने मेक्सिकन मोटारींत बसविली. तीन वर्षांत भाग घेतला तो अवघ्या पंधराएक संस्थांनी. फेऱ्या २८,००० च्या वर झाल्या, पण बहुतेक जुन्या पट्ट्यातच. २०१५ साली परवान्याचे दार सर्वांना उघडले, तोवर बहुतेक मोटारवाल्यांची तीन घोड्यांची सवय पक्की झाली होती. मोठी गोष्ट मात्र गाजावाजा न होता घडून गेली. सीमेवर पक्की केंद्रे आणि रोजचे तपासनीस आल्यावर थांबविलेल्या मेक्सिकन मोटारींचे प्रमाण २००० साली ३६ वर उतरले आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकन मोटारींच्या आसपास आले. कॅलिफोर्नियाचा धडा खरा ठरला होता.

या साऱ्या यंत्रांत मला सर्वांत आवडते ते एक साधेसे यंत्र. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ते अमेरिकेतील रस्त्यांवर आजमावून पाहिले गेले. रस्त्याकडेला एक गाडी उभी असते. तिच्यातल्या कॅमेऱ्याला उजेड दिसत नाही, उष्णता दिसते. समोरून मालमोटार ब्रेक लावीत सावकाश जाते. लायनर घासला की चाकाचा मध्यभाग तापतो आणि पडद्यावर तेजाळ दिसतो. एक तेजस्वी वर्तुळ, दुसरे तेजस्वी वर्तुळ, आणि मध्येच एखादे काळे. ते चाक थंड आहे. त्याचा ब्रेक लागलाच नाही. बाकीची चाके त्याचा भार सोशीत तापत आहेत आणि ते नुसते बरोबर फिरते आहे. आपण ज्याला शांत, निरुपद्रवी म्हणून सोडून दिले असते, नेमका दोष तेथेच.

थंड चाकाची ही खूण मला २०२२ सालच्या दोन घटनांच्या वेळी आठवली. ६ एप्रिलला टेक्सासचे राज्यपाल ॲबट यांनी हुकूम काढला की, मेक्सिकोतून येणाऱ्या प्रत्येक मालमोटारीची राज्याच्या पोलिसांनी सुरक्षितता-तपासणी करावी. कारण दिले ते चोरटी माणसे आणि अमली पदार्थ यांचे. पण राज्याच्या पोलिसांना अधिकार होता तो ब्रेक, टायर आणि दिवे पाहण्याचा. केंद्राच्या जकातखात्याने तपासून सोडलेल्या मोटारी काही पावलांवर पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या. चाळणी बाजूला ठेवून सगळेच धान्य एकेक दाणा निवडावयास घेतले होते. रांगा मैलोगणती लांबल्या. चालकांना दिवसदिवसभर आणि त्याहूनही अधिक काळ अन्नपाण्यावाचून गाडीत बसावे लागले. भाजीपाला कुजू लागला. रेनोसा आणि फार यांच्यामधल्या पुलावर मेक्सिकन चालकांनी संतापून स्वत:च रस्ता अडविला. पलीकडच्या चार राज्यांच्या राज्यपालांशी करार करून १५ एप्रिलला हा हुकूम मागे घेण्यात आला. हजारो मोटारी तपासल्या गेल्या. त्यांतल्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास मोटारी दोषांमुळे थांबविल्या. चोरटी माणसे किंवा अमली पदार्थ मात्र त्या तपासणीत सापडले नाहीत. ब्रेक पाहावयास गेलेल्याला ब्रेकच सापडावेत यात नवल कसले?

दुसरी घटना २७ जूनची. सॅन अँटोनिओ शहराच्या कडेला एका ट्रेलरमध्ये माणसे कोंबलेली सापडली; ५३ जण मेले. ती मोटार सीमेच्या आतल्या बाजूला, लारेडोच्या उत्तरेकडील हमरस्त्यावरच्या चौकीवरून गेली होती. तेथल्या कॅमेऱ्याने तिचे छायाचित्रही घेतले होते. मोटारीचा रंग आणि नोंदणी-क्रमांक टेक्सासमधल्या एका खऱ्याखुऱ्या संस्थेच्या मोटारीचे होते. ते चोरून या मोटारीवर चढविलेले होते. क्रमांक खरा, गाडी खोटी. ट्रेलरची थंड हवेची यंत्रणा बिघडलेली होती आणि ती बिघडल्याचे तस्करी करणाऱ्यांपैकी काहींना ठाऊक होते, असे पुढे खटल्यात सरकारने सांगितले. म्हणजे अखेर माणसे मेली ती एका नादुरुस्त वाहनात. पडद्यावर ती मोटार इतरांसारखीच दिसली, थंड, निरुपद्रवी.

म्हणून यंत्रे निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. कोबाल्टच्या सळ्या यंत्रानेच पकडल्या. जगातला कोणताही नाकेदार नाकाने हुंगून त्या पकडू शकला नसता. पण यंत्राला जे विचाराल तेवढ्याचेच ते उत्तर देते. वजन विचारले तर वजन, क्रमांक विचारला तर क्रमांक. १९९५ साली ब्रेकविषयी विचारले जात होते तेव्हा विचारणाऱ्यांच्या मनात चालकांच्या पगाराची स्पर्धा होती, आणि २०२२ साली ब्रेक पाहिले जात होते तेव्हा मनात माणसांचे लोंढे होते. प्रश्न एक आणि हेतू दुसरा असला की रांगेत उभा असलेला माणूस भरडला जातो, आणि ज्या खऱ्या दोषासाठी तपासणी निघाली तो मागे राहतो.

ॲरिझोनातील नोगालेसच्या नाक्यावर २०१७ च्या सुमारास एक निराळी रीत सुरू झाली. तेथील राज्याच्या वाहतूकखात्याचे तपासनीस मेक्सिकन चालकांचे वर्ग घेतात, तेही स्पॅनिशमध्ये. तपासणीत आम्ही काय पाहतो, कोणता दोष असला की गाडी थांबवितो, हे मोटारीखाली वाकून दाखवितात. शिकून गेलेला चालक पुढे सीमेपलीकडूनच मोबाईलवर छायाचित्र पाठवून विचारू शकतो: हा टायर चालेल का, या दिव्याचे काय करू? तपासनीस उत्तर देतो, आणि चालक गाडी पुलावर आणण्यापूर्वीच दुरुस्त करून आणतो. तेच ब्रेक, तोच नियम, मोबाईल हेही अखेर इलेक्ट्रॉनिक यंत्रच. पण येथे चालकाला प्रश्न आधीच सांगितलेला असतो.

त्या पुलावरच्या मधल्या घोड्याचा मालक आता रात्री आपल्या आवारात, पाना हातात घेऊन, चाकाशी बसलेला असेल. उद्या खड्ड्यावर जावयाचे आहे हे त्याला माहीत आहे. तो ब्रेक दाबावयास सांगतो, चाक फिरवितो, आणि हात लावून पाहतो, तापले की नाही.